डिंकीचं वाचन आणि भाऊजींचं बाड

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठांपैकी पाचच अंगं टेकली आहेत. उरलेली तीन प्रत्यक्ष भेटीत.) तुझी नवी कवळी आता नीट बसते का? मागच्या वेळी तू फोनवर बोलत होतीस तेव्हा मधूनमधून टकटक असा आवाज येत होता. तो फोनचा की कवळीचा, हे विचारायचं राहून गेलं. भाऊजींचा खोकला कसा आहे? त्यांना सांग की त्यांनी बांधायला पाठवलेलं आत्मचरित्राचं बाड सुखरूप पोचलं. (म्हणजे पोचलं तेव्हा सुखरूप होतं. त्याबद्दल पुढे लिहितो.) आम्ही इकडे सगळे मजेत आहोत, आणि ही नुसती लिहायची पद्धत नाही. खरोखरच मजेत आहोत, आणि ते कसं, हे सांगायलाच हा जाडजूड लखोटा.

लखोटा हातात घेऊनच तू चष्मा पुसला असशील. घुम्याचं पत्र, आणि एवढं वजनदार? तूच मला लहानपणी घुम्या म्हणायला लागलीस आणि मी ते नाव जन्मभर इमानाने चालवलं. फोनवर माझे तीनच शब्द असतात: हं, बरं आणि ठेवू. तुझी भावजय होती तेव्हा म्हणायची, की माझा संसार भिंतीशी झाला, फरक एवढाच की भिंत घोरत नाही. बाइंडरचा धंदाही असा, की तोंड उघडायची गरजच पडत नाही. गिऱ्हाईक येतं, गठ्ठा ठेवतं, मी मान हलवतो, ते जातं. शिलाईच्या मावशी इतकी वर्षं माझ्यासमोर बसून टाके घालताहेत, त्यांना अजून माझा आवाज जाड आहे की बारीक हे नक्की सांगता आलं नसतं. असा मी, आणि माझ्यावर ही वेळ आली.

त्याचं झालं असं. चिरंजीव जहाजावर, सूनबाई रक्त-तपासणीच्या लॅबमध्ये, म्हणून नात रांगायला लागल्यापासून दिवसभर खाली माझ्या कारखान्यात असते. (नाव चांगलं मोठं ठेवलं आहे, पण उचलेल त्याला चिकटून बसते म्हणून आम्ही सगळे डिंकीच म्हणतो.) तिला मी पुठ्ठ्यांच्या थप्प्यांचं छान कुंपण करून दिलं होतं. कात्रणं द्यायचो, दोऱ्याची रिकामी रिळं द्यायचो. ती हसायची, मी हसायचो, कोणाचं काही अडत नव्हतं. मग तिची वर्षाची तपासणी आली. पोरांच्या डॉक्टरीणबाईंनी वजन घेतलं, उंची घेतली, कान बघितले आणि विचारलं, काय काय बोलते? सूनबाई म्हणाली, बोलते की. त्यावर डिंकीने डॉक्टरीणबाईंकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "खट्टक्."

हा आमच्या कटिंग मशीनचा आवाज. पातं कागदावर पडतं तेव्हाचा, अगदी हुबेहूब. मग तिने शिकंज्याचा आवाज काढला. (शिकंजा म्हणजे पुस्तकं दाबून ठेवायचा आपला लोखंडी प्रेस. त्याचा स्क्रू फिरवताना तो जे किंचाळतो, ते.) बाहेर बसलेलं एक पोर रडायला लागलं. डॉक्टरीणबाई हसल्या, पण मग खुर्ची पुढे ओढून विचारू लागल्या, की दिवसभर हिच्याशी बोलतं कोण? सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तिथे एक पंखा होता.

डॉक्टरीणबाई अजिबात रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्या म्हणाल्या, मूल ऐकतं तेच बोलतं. मशीन ऐकलं तर मशीन बोलेल. हिच्याशी बोला, गाणी म्हणा, बोट दाखवून नावं सांगा, आणि पुस्तक वाचून दाखवा. मला वाटलं थट्टा करताहेत. जिला अजून चमचा सरळ धरता येत नाही, तिला पुस्तक? पण त्यांचं म्हणणं, की पुस्तक समजायला अजून वेळ आहे, आवडायला नाही. मांडी, आवाज, पान उलटणं, पुन्हा तेच चित्र आलं की होणारा आनंद, हे सगळं आता आत जातं आणि पुढे त्यावर शब्द चढतात. तुम्ही विचारा आणि थांबा, ती तिच्या परीने उत्तर देईल. आणि त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर चक्क लिहून दिलं: पुस्तक, दिवसातून दोनदा, मांडीवर बसवून. मी विचारलं, जेवणाआधी की नंतर? (मी आपणहून प्रश्न विचारला याचाच सूनबाईला एवढा धक्का बसला, की तिच्या हातून पर्स पडली.)

आता सूनबाईचा स्वभाव तुला माहीत आहे. ती भांडत नाही, ती ठरवते. घरी येताना तिने शांतपणे सांगितलं, की बाबा, लॅबच्या मागच्या गल्लीत एक पाळणाघर आहे, तिथे बायका दिवसभर मुलांशी बोलतात, गाणी म्हणतात, पुस्तकांचा वेगळा कोपरा आहे. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. तोवर बघू. नाहीतर हिला तिकडे घालू. तिचं चूक काहीच नव्हतं, आणि तीच तर अडचण. ताई, तुला खरं सांगतो, तुझी भावजय गेल्यावर कारखान्याचं दार उघडताना मला हात जड व्हायचा. डिंकी खाली यायला लागल्यापासून तो जड होत नव्हता. पुठ्ठ्याच्या कुंपणावरून ते एक टक्कल वर आलं, की दिवस सुरू व्हायचा. ती गेली तर त्या कुंपणाचं मी काय करणार होतो?

तेव्हा वाचायचं ठरलं. पण काय वाचायचं? कारखान्यात पुस्तकं ढिगाने, आणि वाचलेलं एक नाही. आमच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की बांधायला आलेलं वाचायचं नाही. वाचणारा बाइंडर आणि पंगतीत जेवायला बसलेला वाढपी, दोघांनाही कामावरून काढावं. आम्ही पुस्तकाची पाठ बघतो, पोट बघत नाही. मावशींनाही मी हाच नियम घालून दिला होता. (हा नियम लक्षात ठेव. तो पुढे माझ्याच डोक्यात पडणार आहे.) पण डॉक्टरांची चिठ्ठी उस्तादांपेक्षा वरची. त्या दिवशी शिकंज्यावर नगरपालिकेच्या पाणी समितीची इतिवृत्तं पडली होती, बरीच वर्षांची. मी डिंकीला मांडीवर घेतलं, घसा खाकरला, बोटाला थुंकी लावली आणि सुरुवात केली: सभेच्या सुरुवातीस मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.

ताई, पहिला दिवस मी मेल्यासारखा वाचत होतो. डिंकीने माझ्या नाकात बोट घातलं आणि मावशी टाका घालता घालता म्हणाल्या, "अहो, वाचताय की पंचनामा करताय?" मला राग आला. (मावशींचं म्हणणं, तोही त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.) रागाच्या भरात पुढचा परिच्छेद मी मोठ्याने वाचला, आणि तो नेमका एका सदस्याच्या भांडणाचा निघाला. टाकीच्या झाकणावरून त्याचं अध्यक्षांशी जुंपलं होतं. सदस्याला मी बारीक आवाज दिला, अध्यक्षांना जाड. मुख्य अभियंता मी नाकातून काढला. डिंकीने नाकातलं बोट काढलं आणि माझ्या तोंडाकडे अशी बघायला लागली, की जणू आतून कोणीतरी बाहेर येणार आहे. शेवटी सभा तहकूब झाली आणि मी पुस्तक मिटलं, तर तिने ते पुन्हा उघडलं. मी पुन्हा वाचलं. तिने पुन्हा उघडलं. झाकणाचं ते भांडण मी त्या दिवशी इतक्यांदा वाचलं, की मावशी त्या सदस्याच्या बाजूने बोलायला लागल्या. पोरांना तेच तेच का लागतं, हे तू बालवर्गाला शिकवण्यात आयुष्य काढलंस म्हणून जाणतेस. मला नवीन होतं. आपण नवीन गोष्ट शोधत फिरतो आणि ती ओळखीची गोष्ट शोधत असते.

हळूहळू मला चटकच लागली. सकाळी दुकान उघडलं की मी शिकंज्याला नाव घेऊन हाक मारायचो, कात्रीची ओळख करून द्यायचो, गिऱ्हाईक आलं की डिंकीला सांगायचो की हे काका वकील आहेत, यांच्या फायली जाड आणि अक्षर बारीक. वकील घाबरून दोन दिवस आले नाहीत. डिंकी 'अनुमोदन' म्हटलं की हात वर करायची आणि पुस्तक मिटलं की "तकूब" म्हणायची. हा तिचा पहिला शब्द, खट्टक सोडून. जेवण नको झालं की तकूब. आंघोळीचं पाणी डोळ्यात गेलं की तकूब. चिरंजीव जहाजावरून फोनवर लाडाने बोबडं बोलायला लागला, तेव्हा तिने थोडा वेळ ऐकून घेतलं आणि त्यालाही तकूब केलं.

अडचण एकच. ती वाचलेलं खायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की चावू द्या, त्यांचं पहिलं वाचन तोंडानेच होतं. त्यांना बोलायला काय जातं. बाइंडरच्या डोळ्यांदेखत पुस्तकाचा कोपरा चोखला जातो तेव्हा त्याच्या काळजाचं काय होतं, ते कुठल्या चिठ्ठीवर लिहीत नाहीत. म्हणून मी ठरवलं की तिच्यासाठी स्वतःच पुस्तक करायचं, सात पिढ्या टिकेल असं. जाड पुठ्ठा, गोल कोपरे, दुहेरी टाका. खळीत आम्ही मोरचूद घालतो, कीड लागू नये म्हणून. पण ते विष, म्हणून या खळीत फक्त मैदा आणि पाणी. चित्रंही मीच काढली. पहिल्या पानावर बदक. (मावशी म्हणाल्या, इस्त्री छान आलीय.) डिंकीने दिवसभर चाटून चाटून वाचलं आणि मी धन्य झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो, तर पुस्तकाकडे मुंग्यांची रांग, आणि गायीच्या चित्राचा मागचा भाग उंदराने नेलेला. मोरचूद कशासाठी असतं हे मला तीस वर्षांनी कळलं. दुसरी आवृत्ती कापडाची काढली. ती सूनबाईने धुवायला टाकली आणि चेंडूचा लाल रंग तिच्या लॅबच्या पांढऱ्या कोटावर उतरला. रक्ताच्या लॅबमध्ये लाल डागांचा कोट घालून गेली तेव्हा पेशंट आल्या पावली परत गेले, असं तिने मला न हसता सांगितलं.

पण तोवर एक गोष्ट झाली होती. डिंकी पान उलटायला शिकली. फाडायला नाही, उलटायला, चिमटीत धरून. म्हणून तिसरी आवृत्ती मी साध्या कागदावर काढली. त्याच सुमारास एका संशोधक मॅडमचा गटारांवरचा प्रबंध बांधायला आला होता, लाल रेक्झिन, सोनेरी अक्षरं, सगळ्या प्रती एकसारख्या. त्यातले थोडे कोरे कागद उरले, त्यावर मी बदक, नाक, चमचा, चेंडू, दिवा अशी चित्रं काढली, खाली ठसठशीत अक्षरात नावं लिहिली आणि गठ्ठा दाबायला शिकंज्यावर ठेवला. डिंकीला त्याच कच्च्या पानांवरून रोज वाचून दाखवायचो. तपासणीच्या दिवशी हेच पुस्तक घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जायचं, असं मी मनात ठरवून ठेवलं होतं. वकिलांच्या भाषेत, पुरावा.

तपासणीच्या दिवशी सूनबाई लॅबमधून परस्पर दवाखान्यात येणार होती, मी डिंकीला घेऊन जायचं होतं. तिला कपडे घातले, केस नाहीत तरी विंचरले, आणि पुस्तक घ्यायला गेलो, तर शिकंज्यावर काहीच नाही. मावशींना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ती पानं ना? गटारवाल्या मॅडमच्या गठ्ठ्यातली राहिली होती, मी शिवून टाकली." मी म्हटलं, अहो, त्यावर बदक होतं. त्या म्हणाल्या, "होतं असेल. तुम्हीच सांगितलंय, आतलं वाचायचं नाही." मघाशी म्हटलेला नियम तो हा. प्रती आदल्या संध्याकाळीच विद्यापीठात पोचल्या होत्या, आणि मॅडमची तोंडी परीक्षा त्याच दिवशी, त्याच वेळेला होती. पेढीवर आमंत्रणाचा कागद सुद्धा ठेवून गेल्या होत्या बिचाऱ्या.

मी काय करायला हवं होतं? सरळ दवाखान्यात जायला हवं होतं. पण ताई, त्या बाईने वर्षानुवर्षं गटारांचे उतार मोजले आहेत. पावसात, उन्हात, नाकाला रुमाल लावून. आणि माझ्या कारखान्यातून तिच्या मेहनतीच्या मधोमध बदक जावं? विद्यापीठ दवाखान्याच्या वाटेवरच आहे, म्हणजे उलट दिशेला, पण रिक्षात बसेपर्यंत मी ते वाटेवरच आहे असं स्वतःला पटवलं होतं. डिंकीला कडेवर घेऊन मी त्या सभागृहात मागच्या रांगेत जाऊन बसलो. बेत असा, की चहाची सुट्टी झाली की बदक असलेली प्रत शोधून हळूच उचलायची, पानं उसवायची आणि कोणाला कळायच्या आत पसार व्हायचं. (खिशात दाभण होतं.)

समोर टेबलाशी अध्यक्ष, आणि शेजारी बाहेरगावाहून आलेले वयस्कर परीक्षक. भुवया अशा जाड, की त्यांना वेगळा कंगवा लागत असावा. मॅडम उतारांवर बोलत होत्या. डिंकी शहाण्यासारखी ऐकत होती. पाणी समितीवर वाढलेलं मूल, तिला हे घरच्यासारखंच. इकडे परीक्षक पानं उलटत होते, एकेक, आणि अचानक त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मॅडमना थांबवलं आणि विचारलं, "प्रकरण चारनंतर इथे इस्त्री का आहे?"

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. परीक्षकांनी पुस्तक उंच धरलं, सगळ्यांना दिसेल असं. मी उभा राहिलो. तोंड उघडलं. आणि तोंडातून काही आलं नाही, ताई. जन्माचा घुम्या तो, ऐन वेळी घुम्याच राहिला. माझ्या कडेवरून मात्र स्पष्ट आवाज आला: "पॅक पॅक."

परीक्षकांनी भुवया वर केल्या, एकदा डिंकीकडे पाहिलं, एकदा पानाकडे, खालचं नाव वाचलं, आणि पान उलटलं. डिंकीने स्वतःचं नाक धरलं, मग माझं. त्यांनी पान उलटलं. तिने चमचा तोंडात घातल्यासारखं केलं. पुढच्या पानाला "बू" म्हणाली, तो चेंडू. त्याच्या पुढच्याला तिने बोट वर करून सभागृहाचा दिवा दाखवला, आणि अख्ख्या सभागृहाने वर पाहिलं. परीक्षक आता थांबायला तयार नव्हते. शेवटचं पान झाल्यावर त्यांनी आपणहून पुन्हा पहिलं काढलं. मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगतो. माझ्या बदकाला जगात कोणी बदक म्हणालं नव्हतं. हिने म्हटलं, आणि भर विद्यापीठात म्हटलं. माझे डोळे भरून आले, आणि कसा कोण जाणे, मी बोलायला लागलो. खळ, मोरचूद, उंदीर, मावशी, नियम, चिठ्ठी, सगळं सांगितलं. मॅडमचा यात काडीचा दोष नाही हे दोनदा सांगितलं. लोक ऐकत होते, ताई. हसत होते, पण ऐकत होते. मग अध्यक्षांनी सगळ्यांना गप्प करून मॅडमना उतारांकडे परत आणलं, त्यांनी एक मोठं समीकरण सुरू केलं, आणि डिंकीने भरल्या सभेत खणखणीत सांगितलं, "तकूब." अध्यक्ष घड्याळाकडे पाहून म्हणाले, माझं अनुमोदन आहे, चहा घेऊ.

मॅडम पास झाल्या. परीक्षक म्हणाले, की संपूर्ण प्रबंधात चित्र आणि मजकूर यांचा मेळ बसलेला तेवढाच एक भाग आहे. ती पानं मी दाभणाने उसवून घेतली, आणि त्यांनी ती माझ्याकडून मागून घेतली, नातवासाठी. मी नाही म्हणू शकलो नाही. आणि मग घड्याळाकडे माझं लक्ष गेलं.

दवाखान्याचं दार बंद होतं. सूनबाई पायरीवर बसली होती, मांडीवर हेल्मेट, हातात फोन, त्यावर मी न उचललेले सतरा कॉल. (माझा फोन कारखान्यात, कात्रणांच्या टोपलीत वाजत होता.) ती एवढंच म्हणाली, "चला." मी वाटेत सांगायला सुरुवात केली, पण हेल्मेटवाल्या माणसाला बदकाची गोष्ट सांगता येत नाही. दाखवायला पुरावाही उरला नव्हता. घरी येऊन तिने टेबलावर पाळणाघराचं माहितीपत्रक ठेवलं आणि म्हणाली, की बाबा, तुम्हाला जमत नाहीये यात कमीपणा नाही. सोमवारपासून पाठवू. मी म्हटलं, हं. बरं. अर्धा दिवस सभागृह गाजवून आलेला माणूस, पुन्हा दोन शब्दांवर आला.

डिंकी जमिनीवर बसली होती. तिने टेबलाला धरून उभं राहून ते माहितीपत्रक ओढून घेतलं. आईकडे पाठ केली, आणि पोरं उलटी चालत येतात तशी मागे मागे येत सूनबाईच्या मांडीवर बसली. माहितीपत्रक उघडलं, उलटं. मग तिने घसा खाकरला. अगदी माझ्यासारखा, म्हाताऱ्या माणसाचा खाकरा. बोट जिभेला लावलं, पान उलटलं, आणि वाचायला लागली. शब्द एकही नव्हता, पण बारीक आवाजातला सदस्य होता, जाड आवाजातले अध्यक्ष होते, नाकातून बोलणारा अभियंता होता. मध्येच थांबून आईकडे वळून बघायची, उत्तराची वाट बघायची, उत्तर मिळालं असं धरून पुढे जायची. शेवटच्या पानावर तिने पाळणाघर मिटलं, टेबलावर आपटलं आणि म्हणाली, "तकूब."

सूनबाई आधी हसली. मग इतकी हसली, की हेल्मेट गडगडत कोपऱ्यात गेलं. मग रडली, मग मला म्हणाली, बाबा, हे सगळं तुम्ही करून दाखवता? आवाज काढून? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मला पण दाखवा. ताई, मी सुनेसमोर पाणी समितीची अख्खी सभा केली, उभं राहून. पाळणाघर बेमुदत तहकूब झालं आहे. डॉक्टरीणबाईंनी दुसरी वेळ दिली, डिंकीने त्यांना बदक ऐकवलं, आणि त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं: हेच औषध चालू ठेवणे. डिंकीला बोलायला शिकवायचं होतं आणि बोलायला लागलो मी, अशी ही गंमत आहे.

भाऊजींना नमस्कार. तब्येतीला जप, कवळी रात्री पाण्यात ठेव.

तुझा धाकटा भाऊ,
घुम्या (माजी)

ता.क. बाडाबद्दल लिहायचं राहिलंच. इतिवृत्तं नगरपालिकेने परत नेली, आणि घरात वाचायला काहीच उरलं नाही, नेमकं तेव्हा भाऊजींचं आत्मचरित्र आलं. डिंकीला ते फार आवडलं. त्यांच्या नोकरीतल्या, स्टोअरमधल्या नटबोल्टांच्या भागाला तर ती टाळ्या वाजवते. पण ताई, तिला सध्या दाढा येताहेत. सत्तेचाळीस ते पन्नास ही पानं तिने मनापासून वाचली, डॉक्टरीणबाई म्हणतात त्या पहिल्या पद्धतीने. उरलेला लगदा वाळवून पाहिला, जुळत नाही. तेव्हा एवढं पत्र लिहिण्याचं खरं कारण हे, की भाऊजींना कळू न देता तो मजकूर गप्पांच्या ओघात त्यांच्याकडून काढून घे आणि मला लिहून पाठव. त्यांच्या वाढदिवसाआधी बांधून देतो. या खेपेस मोरचूद घालीन.

ता.क. दुसरा. कुठला मजकूर, हे तू विचारशीलच. त्या चार पानांत त्यांनी तुला पहिल्यांदा पाहिलं तो दिवस होता. मी खाण्याआधी मोठ्याने वाचून दाखवला होता, म्हणजे डिंकीने खाण्याआधी. मला जवळजवळ सगळा आठवतो, पण माझ्याकडून ऐकायची ती गोष्ट नव्हे. त्यांनी ती तुला इतक्या वर्षांत कधी सांगितली नसणार, कागदालाच सांगितली. समोर बस आणि विचार. विचारून झालं की थांब, ते त्यांच्या परीने उत्तर देतील. मावशींनी ऐकताना टाका चुकवला, एवढंच सांगतो.

ता.क. शेवटचा. रविवारी फोन कर. मला पुष्कळ बोलायचं आहे. कधी ठेवायचा ते डिंकी सांगेल.